दिवेलागणीची वीस मिनिटं

मैत्रिणींनो, तुमच्या फोनमधले गेल्या वर्षभरातले फोटो एकदा सवडीने उघडून बघा. मुलांचे वाढदिवस दिसतील, हळदीकुंकवाच्या साड्या दिसतील, स्नेहसंमेलनातला धाकट्याचा नाच दिसेल. आणि सहलीला गेलेल्या सगळ्यांची एक रांग दिसेल, उंच मागे आणि बुटके पुढे! पण ही रांग नेमकी कुठल्या गावी उभी आहे, ते सांगता येईल? गोवा, कोल्हापूर की पुणं? माणसं तीच, हसूही तेच. गाव तेवढं फोटोत आलेलंच नसतं.

आज मला तुमच्याशी बोलायचंय ते फोटोत न आलेल्या ह्या गावाबद्दल. घाबरू नका, महागडा कॅमेरा घ्या असं मी मुळीच सांगणार नाही. माझा फोन दुकानातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यातला, अगदी साधा. मी मालवणात संसार करणारी, बी.ए. झालेली आणि हायस्कुलात अर्धवेळ मराठी-भूगोल शिकवणारी बाई. फोटोचा अभ्यासक्रम वगैरे काही केलेला नाही. जे थोडंफार कळतं ते घरातल्याच एका कडक परीक्षकामुळे. ह्या परीक्षक म्हणजे माझ्या सासूबाई.

दोन वर्षांपूर्वी पडल्याचं निमित्त झालं आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण चालणं माजघरापासून ओटीपर्यंतच राहिलं. ज्या बाईने चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात स्वतः जाऊन मासळी पारखली, तिला बाजार दिसेनासा झाला. तक्रार नाही हो करत त्या! पण मी बाहेरून आले की पिशवीत काय आणलं ह्यापेक्षा रस्त्यात काय दिसलं हे आधी विचारायच्या. शब्दांनी किती सांगणार? म्हणून मी फोनवर फोटो काढून आणायला लागले.

सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो त्यांनी बघितला. "बरो आसा," म्हणाल्या नि फोन परत दिला. किल्ला १६६४ साली बांधायला घेतलेला, तो काय कुठे जात नाही! मग बाजारातल्या रस्त्याचा एक फोटो दाखवला. ओला रस्ता, एका कौलारू दुकानातला पिवळा दिवा, छत्री मिटत चाललेली एक पाठमोरी बाई. त्यावर मात्र सासूबाई थांबल्या. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "पावस पडान गेलो वाटता. दिवे लागले, पण अजून काळोख पडूक नाय." आणि थोड्या वेळाने, "आता माका बाजार दिसलो."

तेव्हापासून माझी परीक्षा ठरून गेली. फोटो बघून वेळ कळली पाहिजे, ऋतू कळला पाहिजे, हवा कोरडी की ओली तेही कळलं पाहिजे. ते कळलं तर गाव फोटोत उतरलं. नाही कळलं तर ती नुसती इमारत!

आता तुम्ही म्हणाल, हवा फोटोत दिसते कशी? ती दिसते उजेडातून. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. सावल्या आखूड, काळ्या आणि रंग फटफटीत. बारा वाजताची मालवणची बाजारपेठ आणि बारा वाजताची कणकवलीची बाजारपेठ फोटोत बहिणी-बहिणी दिसतात. सूर्य खाली उतरला की त्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून वाट काढत येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा तेवढा पोचतो. उजेड आडवा येतो, म्हणून प्रत्येक चिऱ्याला, प्रत्येक कौलाला बाजू दिसायला लागते. सावल्या लांब होऊन रस्त्यावर पसरतात. हा उजेड सकाळी तासभर नि संध्याकाळी तासभर. आणि त्याहून सुंदर वेळ सूर्य बुडाल्यानंतरची. आकाश अजून निळसर असतं आणि दुकानांत दिवे लागलेले असतात. बाहेरचा उजेड नि आतला उजेड सारख्याच ताकदीचे होतात आणि दोन्ही फोटोत मावतात. आपल्याकडे सूर्य सरळसोट खाली बुडतो, त्यामुळे हा संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. जेमतेम वीस-बावीस मिनिटं. आमच्याकडे जूनअखेर सात वाजून गेल्यावर, तर नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमाराला ही वेळ येते.

आणि इथेच खरी गोम आहे, मैत्रिणींनो! सकाळचा तो तास म्हणजे डबे, पाणी आणि मुलांच्या वेण्या. संध्याकाळची ती वीस मिनिटं म्हणजे दिवेलागण. देवापाशी दिवा, मुलांचा अभ्यास, कुकर, बाहेरून आलेल्यांचा चहा. गाव सगळ्यात देखणं असतं तेव्हा आपण नेमक्या स्वयंपाकघरात असतो. एका लहानशा गावात इतकी वर्षं राहूनही आपल्याच बाजारातली संध्याकाळ आपण कितीदा डोळे भरून बघितली? भाजी घेता घेता, घाईघाईत, घड्याळाकडे एक डोळा ठेवून बघितलेली मोजू नका हं!

माझ्या घरी हा प्रश्न सोडवला तो सासूबाईंनीच. एकदा श्रावणात सर येऊन गेली, आकाश उघडलं आणि मी देवघराकडे वळले. तर ओटीवरून आवाज आला, "दिवो पोर लावीत. तू जा. देव काय रागावचो नाय." तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी दिवा माझी मुलगी लावते, कुकर आमचे हे लावतात (शिट्ट्या मोजायला चुकतात, पण ते चालायचंच!), आणि मी वीस मिनिटं बाजारात असते. सांगायचं म्हणजे, चांगल्या फोटोला लागणारी पहिली वस्तू म्हणजे ही वीस मिनिटं. ती दुकानात मिळत नाही. घरातच मागून घ्यावी लागते.

आता थोड्या कामाच्या गोष्टी. पाककृती लिहून घेतो तशा लिहून घ्या हवं तर.

पहिली गोष्ट, भिंग पुसा. आपला फोन ओट्याजवळ असतो, बोटं तेलाची असतात, वर समुद्राची खारी हवा. भिंगावर एक चिकट पापुद्रा बसतो आणि मग दिव्याभोवती धुकट वर्तुळं येतात. जुन्या सुती लुगड्याचा मऊ, धुतलेला तुकडा पर्समध्ये ठेवा. पदराने पुसू नका, जरीने ओरखडा जातो. थंडगार गाडीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आलात तर भिंगावर वाफ धरते. अशा वेळी पुसत बसू नका. पाच-दहा मिनिटं थांबा, ती आपोआप उडते.

दुसरी गोष्ट, झूम विसरा. साध्या फोनातलं झूम म्हणजे लांबचं जवळ आणणं नव्हे, फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. भाकरीचा मधला भाग कापला म्हणून भाकरी मोठी होत नाही. जवळचं हवं असेल तर चार पावलं पुढे चाला.

तिसरी गोष्ट, फोन टेकवा. फोनच्या कॅमेऱ्यात उजेड टिपणारा तुकडा करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. पागोळीखाली वाटी ठेवली तर पाणी कमी जमतं नि पातेलं ठेवलं तर जास्त, तसंच हे. आपली वाटी लहान, म्हणून कमी उजेडात फोन जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो आणि तेवढ्यात हात हलला की फोटो हलतो. म्हणून कोपर भिंतीवर, खांबावर नाहीतर गडग्यावर टेकवावं. फोनमध्ये तीन सेकंदांचा टायमर असतो तो लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का बसत नाही. एवढं करूनही चालती माणसं थोडी पुसट येतील. येऊ देत! स्थिर दुकान नि पुसट सायकल ह्यातूनच तर बाजाराची लगबग दिसते.

चौथी गोष्ट, अंधाराला अंधार राहू द्या. फोनला वाटतं, अंधार म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि तो सगळं दिवसासारखं उजळून ठेवतो. संध्याकाळ निघूनच जाते. म्हणून पडद्यावर दिव्यावर किंवा उजळ आकाशावर बोट टेकवायचं. बाकीचं आपोआप गडद होतं. बऱ्याच फोनमध्ये तिथेच एक लहानसा सूर्य उमटतो, तो खाली ओढला की उजेड आणखी उतरतो. आणि फ्लॅश बंद! त्याचा उजेड पाच-सात हातांपलीकडे जात नाही. समोरची बाई पांढरीफटक होते नि मागचा बाजार काळोखात बुडतो.

पाचवी गोष्ट, पावसाला कंटाळू नका. ढग म्हणजे आकाशाला लावलेला भला मोठा पातळ पडदाच. उजेड सगळीकडे सारखा नि मऊ. सर ओसरल्यावरची दहा मिनिटं तर सोन्याची. जांभ्याचा चिरा भिजून गडद तांबडा होतो, गडग्यावरचं शेवाळ चकाकतं आणि डबक्यात दुकानाचा दिवा उलटा उभा राहतो. फोन अगदी पाण्याजवळ न्या, तो दिवा दुप्पट होतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. पर्यटक म्हणतात, आता मालवणात काय बघायचं? मी म्हणते, आता तर मालवण आपलं एकटीचं असतं! किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होड्या, रिकामी जेटी, पाठीमागे पांढऱ्या लाटांत काळाभोर किल्ला. हे मे महिन्यात कुठून मिळणार? आणि दिशेचंही भान ठेवा. किल्ला आमच्या किनाऱ्याच्या पश्चिमेला. म्हणून सकाळी जेटीवरून त्याच्या तटावर ऊन पडलेलं दिसतं आणि संध्याकाळी तोच किल्ला नुसती काळी रेघ होतो. दोन्ही चांगलेच, पण कुठला हवा ते आधी ठरवून घराबाहेर पडावं.

एवढं सगळं सोपं आहे. अवघड आहे ते रस्त्यात थांबणं.

हसू नका. पुरुष पानाच्या गादीपाशी तासभर उभा राहिला तर कोणी विचारत नाही. बाई हातात पिशवी नसताना पाच मिनिटं उभी राहिली की लगेच, "कोणाची वाट बघतंस गो?" ह्या प्रश्नात वाईट काही नसतं, गाव मायेनेच विचारतं. पण त्यामुळे आपल्याला सवयच लागलेली असते सतत चालत राहण्याची. बाजार म्हणजे यादी, नि रस्ता म्हणजे घर ते दुकान. मी आता सरळ सांगते, "गाव बघतंय." पहिल्यांदा सगळ्या हसल्या. आता भाजीवाली मावशीच हाक मारून सांगते, "अगो, तो उजेड बघ, आज बरो पडलोसा."

फोटोच्या इतिहासात एक गंमत आहे. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा कॅमेऱ्याला काही मिनिटं उघडं राहावं लागे. गाड्या, घोडे, माणसं, सगळी चालत होती, म्हणून एकही उमटलं नाही. रस्ता ओस दिसतो. दिसतो तो एकच माणूस, बुटाला पॉलिश करून घ्यायला थांबलेला, नि त्याच्या पायाशी पॉलिशवाला. शाळेत मुलींना मी हे सांगते. सगळ्या धावत होत्या त्या पुसल्या गेल्या, जो थांबला तो राहिला!

आणि ज्यांना बाहेर पडताच येत नाही, घरात आजारी माणूस आहे किंवा कडेवर तान्हं आहे, त्यांनीही खट्टू व्हायचं कारण नाही. कॅमेऱ्याने टिपलेला जगातला सगळ्यात जुना टिकून राहिलेला फोटो घराच्या खिडकीतूनच घेतलेला आहे. १८२६-२७ च्या सुमाराला, फ्रान्समध्ये, नीएप्स ह्या संशोधकाने. त्यात आहे तरी काय? छपरं, भिंती नि मधे उजेड! आपल्या माडीच्या खिडकीतून ह्यापेक्षा कमी दिसतं का?

आपल्या देशाचंही एक नाव सांगते. होमाई व्यारावाला. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशॉ ह्यांच्या नावाने छापून येत. पुढे साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत त्यांनी स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली टिपली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपण काही होमाईबाई होणार नाही. पण फोटो काढणाऱ्याला नजर लागते आणि ती नजर बाईचीही असू शकते, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

परगावी गेल्यावर तर ही सवय फारच उपयोगी पडते. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला एका लग्नाला गेलो होतो. लग्नाचे फोटो काढायला फोटोग्राफर होता, म्हणून मी अर्धा तास सुटी मागून महाद्वार रोडवर जाऊन उभी राहिले. अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला आहे. म्हणून तर वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपता-फेब्रुवारी लागता, मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात, तो किरणोत्सव. उजेड कोणत्या वेळी कुठून येतो ह्याचा विचार ते देऊळ बांधणाऱ्यांनी किती बारकाईने केला असेल! आपण निदान गावात उतरल्यावर एवढं विचारावं, मावळत कुठल्या बाजूला? मी देवळाचं शिखर नाही घेतलं, ते कॅलेंडरवर असतंच. मी घेतला गजऱ्याच्या टोपलीवरचा दिवा, चपला सांभाळत बसलेली एक आजी आणि वर उरलेली निळ्या आकाशाची पट्टी. सासूबाईंनी बघितलं नि म्हणाल्या, "थंडी आसतली. म्हातारेन कान बांधल्यान हत." कान बांधलेले माझ्याही लक्षात आले नव्हते, पण फोटोत होते!

एक पथ्य मात्र जरूर पाळा. माणूस जवळून टिपायचं तर विचारून. "माझो फोटो कित्याक गो? मी काय नटी?" असं म्हणत आमच्या मासळीवाल्या मावशी पदर सारखा करतात, तीच त्यांची परवानगी. कोणी नको म्हटलं तर नको. काढलेला फोटो तिथेच त्यांना दाखवावा. परक्या मुलांचे फोटो तर गटागटांतून फिरवूच नयेत.

आणि फोटो फोनमध्ये कोंडून ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, बिघडतो, मुलं पुसून टाकतात. महिन्याला एकच फोटो निवडा आणि छापून घ्या. अगदी दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सोळाशे बाय बाराशे ठिपके असतात. इंचाला तीनशे धरले तरी पाच बाय चार इंचांचा फोटो स्वच्छ छापून येतो. मागे पेन्सिलीने गाव, तारीख आणि वेळ लिहा. बॉलपेनने लिहिलं तर पुढे वळ उमटतात. वर्षाचे बारा फोटो होतात. माझ्या सासूबाईंच्या उशाखाली आता असे तेवीस आहेत. शेजारच्या बायका आल्या की पत्त्यांसारखे पिसून त्या एकेक पुढे करतात आणि विचारतात, "सांग बघू, खयचो महिनो?"

त्यातली दोन कौलारू दुकानं आज बाजारात नाहीत. जागा मोकळी झालीय, स्लॅबची इमारत होईल. चांगली होईल, पाऊसही गळणार नाही. मी जुन्याचं रडगाणं गात नाही. पण तिथे संध्याकाळी पिवळा दिवा कसा पडायचा, हे माझ्या मुलीच्या मुलांना सांगायला एक पाच बाय चारचा कागद आहे, आणि त्यामागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख.

तेव्हा ह्या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गावातली रोजच्या वाटेवरची एक जागा निवडा. पोस्टाचा कोपरा, एस.टी. स्टँडसमोरचा चहावाला, नाहीतर नदीवरचा पूल. एका संध्याकाळी घरात सांगा, "आज दिवा कोणीतरी लावा, मी येते वीस मिनिटांत." भिंग पुसा, भिंतीला कोपर टेकवा नि थांबा. दुकानात पहिला दिवा लागेल, आकाश अजून निळं असेल, कोणीतरी ओळखीचं विचारेल, कोणाची वाट बघतेस?

सांगा बिनधास्त, उजेडाची.